रस्त्याची वेठ

वाहतूक कोंडी हा आपल्याकडे गाडीवाल्यांचा प्रश्न मानला जातो. वर्तमानपत्रांत बातमी येते ती ट्रकच्या रांगांची, वाया गेलेल्या डिझेलची, कारखान्यात उशिरा पोचलेल्या मालाची. अधिकाऱ्यांच्या बैठकीचं बोलावणं जातं ते वाहतूकदारांना, हॉटेलवाल्यांना आणि पुढाऱ्यांना. आपल्या स्त्री संघटनांच्या विषयपत्रिकेवर पाणी असतं, रेशन असतं, दारू असते, घरातली मारहाण असते. रस्ता आलाच, तर एसटीच्या बंद झालेल्या फेरीपुरता येतो. रस्त्याची कामं आणि त्यामुळे होणारी कोंडी या विषयावर महिला मंडळाची सभा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ती व्हायला हवी असं मला वाटतं, आणि का वाटतं ते मांडण्यासाठी हा लेख.

मी काम करते झाई आणि आसपासच्या पाड्यांवर. झाई हे तलासरी तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. पुढे लगेच गुजरातचं उंबरगाव. किनाऱ्याला मच्छीमारांची वस्ती, आतल्या पाड्यांवर वारली. मुंबई-अहमदाबाद महामार्ग झाईवरून जात नाही. तो पूर्वेला चारोटी, तलासरी, अच्छाड असा जातो. मग वसईच्या किंवा घोडबंदरच्या कोंडीशी झाईच्या बाईचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. मुंबईची लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढच्या घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. मोठं आजारपण आलं, रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, कामासाठी कुटुंबासकट लांब जायचं झालं, की रस्त्यावाचून गत्यंतर नाही. आणि मुंबईच्या दिशेने जायचं तर महामार्ग चुकत नाही.

या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ८ होता, आता ४८ आहे. दहिसर ते अच्छाड हा त्याचा सुमारे १२१ किलोमीटरचा टप्पा. २०२४ आणि २०२५ मध्ये या टप्प्यात जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर देण्याचं काम चाललं. काम काढलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही. डांबर दर पावसाळ्यात उखडत होतं आणि खड्डे जीव घेत होते. पण काँक्रीट ओतल्यावर काही दिवस ते ओलं ठेवावं लागतं, आणि तेवढे दिवस त्यावर गाडी घालता येत नाही. म्हणजे एकेक मार्गिका बंद ठेवणं आलंच. ही गोष्ट काम काढण्याआधीच माहीत असते. म्हणून एका वेळी किती लांबीचं काम उघडायचं, दोन कामांत किती अंतर सोडायचं, बंद पडलेला ट्रक ओढायला क्रेन कुठे ठेवायची, रुग्णवाहिकेला वाट कुठून द्यायची, हे सारं आधी ठरवता येतं. आम्ही पाहिलं ते वेगळंच. एकीकडे नव्या काँक्रीटचा उंच थर, शेजारी खाली राहिलेलं डांबर, मधल्या पायरीला ना पट्टा ना दिवा. मार्गिका बंद झाल्याचं कळायचं ते तिथे पोचल्यावर. मग तीन रांगांची एक रांग, त्यात उलट्या दिशेने घुसणाऱ्या गाड्या, आणि एक ट्रक बंद पडला की तासन् तास खोळंबा.

त्यात भर घोडबंदर रस्त्याची. ठाण्याचं हे उपनगर झपाट्याने वाढलं. इमारती आधी आल्या. रस्ता, मेट्रो आणि सेवारस्त्यांची कामं मागाहून एकमेकांच्या अंगावर आली. गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की अवजड वाहनं अडवायची किंवा वळवायची, आणि ती रांग खाडीपलीकडे आमच्या जिल्ह्यातल्या महामार्गावर येऊन थांबायची. ठाण्यात निघालेल्या सूचनेचा परिणाम पालघर जिल्ह्यात सोसायचा. तो सोसणाऱ्यांना मात्र कुणी विचारलेलंही नसतं.

जुलै २०२५ च्या अखेरीस पालघर तालुक्यातली एक बाई अंगावर झाडाची फांदी पडून जबर जखमी झाली. अशा जखमींवर उपचार करणारं ट्रॉमा केंद्र जिल्ह्यात नव्हतं, म्हणून भूल देऊन तिला रुग्णवाहिकेने मुंबईला पाठवलं. गाडी कोंडीत सापडली. तीन तासांत जेमतेम निम्मी वाट सरली, भुलीचा अंमल उतरला, ती कळांनी ओरडत राहिली. अखेर वाटेतल्या मीरा रोडच्या रुग्णालयात नेलं, तोवर ती गेली होती. सप्टेंबरमध्ये याच महामार्गावर एक दीड वर्षाचंही नसलेलं जखमी बाळ रुग्णवाहिकेतच दगावलं. ऑक्टोबरच्या मध्यावर सहलीहून परतणारी ठाणे-मुंबईची पाचशेहून अधिक शाळकरी मुलं वसईजवळ रात्रभर बसमध्ये अडकून पडली, भुकेली आणि तहानलेली. आधीच्या वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, डहाणू तालुक्यातली एक गरोदर बाई सिल्वासाला नेताना वाटेतच गेली. तिला वेळेवर सुसज्ज रुग्णवाहिकाच मिळाली नव्हती. तिचा जीव कोंडीने घेतला नाही. पण ही मरणं शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. जिथे मोठा दवाखाना लांब असतो, तिथे रस्ता हा आरोग्यसेवेचाच भाग असतो. तो बंद ठेवणं म्हणजे दवाखान्याचं दार बंद ठेवणं.

बातमी होते ती मरणाची. रोजच्या जगण्यातून कोंडी जे काढून घेते त्याची बातमी होत नाही. आमच्या बैठकांत मी बायकांना विचारत आले, की रस्त्यात उशीर झाला तर तो वेळ तुम्ही कुठून भरून काढता? मासळी विकणाऱ्या बायका म्हणाल्या, बर्फ विरघळला की भाव गिऱ्हाईक ठरवतं, आम्ही नाही. पाटी संपवून घरी यायला अंधार पडला तरी भाकरी आम्हीच थापायच्या. उंबरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरी टेम्पोत किंवा इकोत कोंबून जातात. महामार्ग तुंबला की डंपर आणि लहान गाड्या आतल्या अरुंद रस्त्यांनी वाट काढतात आणि गावचे रस्तेही अडतात. उशिरा पोचलं की अर्धा दिवस कापला जातो. म्हणून त्या पहाटे तासभर आधी उठतात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आपल्याला कौतुकही आहे. पण फळ नाशवंत. ट्रक कोंडीत अडकला की वाडीतल्या बायका माल निवडून भरायला ताटकळत बसतात, आणि त्या बसण्याची मजुरी कुणी देत नाही.

सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मुलं, म्हातारे, आजारी माणसं यांची काळजी घेण्यात बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. या हिशेबात कोंडीचे दोन तास घालून पाहा. पुरुष दोन तास उशिरा आला तर तो थकून येतो, हातपाय धुतो, त्याच्यापुढे ताट येतं. बाई दोन तास उशिरा आली तर ते दोन तास तिच्या झोपेतून जातात, नाहीतर तिच्या पोरीच्या अभ्यासातून, कारण आई येईपर्यंत चूल पोरीने पेटवायची असते. कोंडीत सगळे सारखेच अडकतात हे खरं नाही. गाडीत सगळे सारखे बसलेले असतात, पण गाडीतून उतरल्यावर कुणाचं काम संपतं आणि कुणाचं सुरू होतं, हे घरातली श्रमविभागणी ठरवते.

उशीर झालेल्या बाईला घरात जाबही द्यावा लागतो. ‘ट्रॅफिक लागलं’ हे नवऱ्याने सांगितलं तर ते कारण असतं. बायकोने सांगितलं तर ती सबब असते. कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, फोन का लागत नव्हता, इथपासून हात उचलण्यापर्यंत मजल जाते. तलासरीच्या महाविद्यालयात जाणाऱ्या पोरींना घरचे म्हणतात, रोज अंधार पडतो, पुरे झालं शिक्षण. पोरीचं शिक्षण कोंडीमुळे सुटलं अशी नोंद कुठल्याच कागदावर होणार नाही. तिथे लिहिलं जाईल, ‘घरगुती कारण’.

आणखी एक विषय आहे, ज्यावर बायका सभेत बोलत नाहीत, सभा संपल्यावर बोलतात. चार-चार तास गाडी हलत नाही तेव्हा लघवीला जायचं कुठे? पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात. बायका निघण्याआधी पाणी प्यायचंच सोडून देतात. पाळी चालू असेल, पोटुशी असेल, मधुमेह असेल तर हाल कुणाला सांगायचे? दुभाजक, डंपर आणि खोदलेली कड यांच्यामध्ये आडोसासुद्धा नसतो, आणि रात्र असेल तर गाडीतून उतरायची हिंमत होत नाही. मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ मोहिमेने सार्वजनिक मुतारीचा प्रश्न हक्काच्या भाषेत मांडला. तोच हक्क महामार्गावरही लागू करायला हवा. महिनोन् महिने काम चालणार हे ठाऊक असताना त्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर फिरती शौचालयं आणि प्यायचं पाणी ठेवणं ठेकेदाराला जड नव्हतं. कामाच्या खर्चाच्या पत्रकात त्याला जागा नसेल, तर ती कुणाला सुचलीच नाही, कारण ते पत्रक करणाऱ्यांना तशी गरज कधी भासलेली नसते.

‘विकास हवा तर थोडी गैरसोय सोसायलाच हवी,’ असं आम्हाला ऐकवलं जातं. रस्ता बायकांनाच सगळ्यात जास्त हवा आहे. झोळीतून बाळंतीण न्यावी लागणारे पाडे या तालुक्यांत आजही आहेत. रस्त्याची किंमत आम्हाला कुणी शिकवू नये. पण ‘थोडी’ म्हणजे किती, ‘गैरसोय’ कुणाची, आणि ती ठरवली कुणी, हे विचारायचा अधिकार आम्हाला आहे. काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची याचे नियम नाहीत, असंही नाही. भारतीय रोड काँग्रेसची त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी ५५. तिची सुधारित आवृत्ती २०१४ ची. आगाऊ सूचनाफलक, रात्री दिसणारे पट्टे आणि दिवे, वाहतूक सांभाळणारी माणसं, पायी चालणाऱ्यांसाठी वाट, या सगळ्याचा विचार त्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर अधिकारी, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. खड्ड्यात पडून मेलेल्या माणसाला अशी निदान किंमत तरी मिळाली. कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतल्या बाईचा हिशेब अजून कुठल्याच खात्यात मांडला जात नाही. कोंडी ‘आपोआप’ झाली असं सगळे धरून चालतात, म्हणून तिला जबाबदार कुणीच नसतं.

इथे मला या मातीतलाच एक जुना शब्द आठवतो, वेठ. जमीनदाराने बोलावलं की आपलं काम टाकून त्याच्याकडे राबायचं, बिनमोल. वारल्यांच्या कित्येक पिढ्या त्यात खपल्या. २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरीला किसान सभेची परिषद झाली आणि हजारो वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने त्या लढ्यात वारली बायाही उतरल्या होत्या. त्या लढ्याने एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे गरिबाच्या वेळेलाही मोल असतं आणि तो फुकट घेण्याचा कुणालाही अधिकार नाही. जमीनदाराची आणि ठेकेदाराची तुलना तंतोतंत होणार नाही, हे मला मान्य आहे. रस्त्यावर कुणी चाबूक घेऊन उभं नाही. पण कुणाला न विचारता, मोबदला न देता, दिवसच्या दिवस माणसांचा वेळ काढून घ्यायचा आणि त्याची नोंदही ठेवायची नाही, याला दुसरं काय म्हणायचं? आणि घरात बाईचा वेळ तसाही फुकटच धरलेला असल्यामुळे, तो रस्त्यावर गेला तरी काही गेलं असं कुणालाच वाटत नाही. दोन्ही ठिकाणचं गृहीतक एकच आहे.

पुढची वर्षं तर याहून जड जाणार आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या बंदराला महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता, त्यासाठीची दगड-मातीची ने-आण आणि पुढे कंटेनरची वाहतूक या जिल्ह्यातूनच व्हायची आहे. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाच्या कामाचे डंपर आम्ही पाहिलेच आहेत. बंदर हवं की नको हा वेगळा आणि मोठा लढा आहे. झाईपासून कफ परेडपर्यंतच्या मच्छीमारांनी डिसेंबर २०२० मध्ये बंद पाळून त्यावर आपलं मत सांगितलं आहे. पण एका रस्त्यावर काँक्रीट घालताना ज्यांना रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवता आली नाही, त्यांच्या भरवशावर एवढा सगळा पसारा सोडून आपल्याला गप्प बसता येणार नाही.

म्हणून महिला मंडळांनी आणि बचत गटांनी पुढच्या मागण्या आपल्या मानाव्यात असं मी सुचवते:

१. महामार्गावर किंवा त्याला जोडणाऱ्या रस्त्यावर मोठं काम काढण्याआधी वाहतूक सांभाळण्याचा आराखडा जाहीर व्हावा. तो मराठीत आणि सीमेवरच्या गावांसाठी गुजरातीतही असावा, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

२. काम चालू असलेल्या प्रत्येक टप्प्यात रुग्णवाहिकेसाठी वाट राखलेली असावी, क्रेन तयार असावी, आणि १०८ च्या चालकाला रस्त्याची स्थिती सांगणारी एक जबाबदार व्यक्ती चोवीस तास नेमलेली असावी.

३. ठरावीक अंतरावर बायकांसाठी दिवा आणि पाणी असलेली शौचालयं असावीत. त्यांचा खर्च ठेक्यातच धरावा.

४. शेजारच्या शहरात वाहनं अडवण्याचा किंवा वळवण्याचा निर्णय घेताना आमच्या जिल्ह्याच्या प्रशासनाला आणि आरोग्य खात्याला आधी विचारलं जावं.

५. उशिरामुळे एसटी चुकलेल्या मुलींसाठी संध्याकाळची शेवटची फेरी कामाच्या काळात मागे सरकवावी.

६. जिल्ह्यातच गंभीर जखमींवर आणि अडलेल्या बाळंतिणींवर उपचार होतील अशी सोय व्हावी. रस्ता सुधारला तरी ही मागणी सोडायची नाही.

मागणी करायची तर पुरावा लागतो, आणि आपला पुरावा आपणच जमवायला हवा. त्यासाठी प्रत्येक गटाने एक वही घालावी. कोण किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, किती मजुरी बुडाली, किती मासळी पडेल भावाने गेली, दवाखान्याला किती वेळ लागला. लिहिता न येणाऱ्या बाईची नोंद तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने घ्यावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. त्याखाली ठेक्याची प्रत आणि वाहतुकीचा आराखडा मागता येतो. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि इथे पेसा लागू आहे. महामार्गाचं काम ग्रामसभेच्या परवानगीवर अडत नसेल, पण ग्रामसभेचा ठराव वहीतल्या नोंदींसह जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, तर त्याला उत्तर देणं भाग पडतं. त्या ग्रामसभेला बायकांनी मोठ्या संख्येने जायला हवं, नाहीतर पुन्हा ट्रकवाल्यांचंच नुकसान मोजलं जाईल.

काही मैत्रिणी म्हणतील, आपल्यापुढे आधीच इतके प्रश्न आहेत, त्यात हा आणखी एक कशाला? मला वाटतं हा वेगळा प्रश्न नाही. आरोग्य, मजुरी, शिक्षण, हिंसा हे आपले जुनेच प्रश्न या रस्त्यावर येऊन अडकले आहेत. बाईचा वेळ फुकटचा नाही, हे आपण घरात सांगत आलो. आता तेच रस्त्यावर, ठेकेदाराला आणि साहेबाला सांगायची वेळ आली आहे. झाईच्या बायकांनी वहीची पहिली पानं भरायला घेतली आहेत. तुमच्या गावच्या रस्त्याचा हिशेब तुम्हीही लिहायला घ्या आणि आम्हाला कळवा.